मनाचा आजार आणि विम्याचा कागद

काजूच्या बियांचे पैसे हाती आले, की आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या घराघरांत त्यांच्या वाटण्या सुरू होतात. सोसायटीचे कर्ज, मुलांच्या शाळेचा खर्च, पावसाआधी छपराची डागडुजी. अलीकडच्या वर्षांत तीत आणखी एक वाटणी आली आहे, ती आरोग्यविम्याच्या हप्त्याची. गावात कोणी ना कोणी विमा एजंट असतोच, आणि तो बहुधा ओळखीचा, कित्येकदा नात्यातला. तो अर्ज पुढे करतो, आपण सही करतो, आणि उरलेले रकाने तो घरी जाऊन सवडीने भरतो. त्यांतल्या एका रकान्याविषयी आज आम्हांला लिहायचे आहे. घरातील कोणास मानसिक आजार आहे किंवा पूर्वी होता काय, असे तेथे विचारलेले असते, आणि तेथे बहुतेक वेळा 'नाही' असे लिहिले जाते.

ह्या 'नाही'मागे लबाडी क्वचितच असते, लाज असते. मधुमेह झालेला मनुष्य मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून आपल्या साखरेचे आकडे सांगतो. छातीत कळ येऊन बांबोळीला नेलेला मनुष्य परत आला, की आठवडाभर घरी माणसांची रीघ लागते. परंतु ज्याची झोप उडाली आहे, जो दोन महिने शेतावर फिरकलेला नाही, जी सून बाळंतपणानंतर उगीच रडत बसते, त्यांच्याविषयी घरचे लोक 'जरा अशक्तपणा आहे' एवढेच सांगतात. मुलीचे लग्न व्हायचे असते, भावाची सोयरीक चाललेली असते. कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो काम करायला नको. अर्जाचा रकाना भरताना हीच भीती एजंटच्या हाताने लिहिते.

आणि कारणे काय थोडी आहेत? डिचोली तालुक्यात खाणी २०१२ साली थांबल्या. मध्ये काही काळ चालल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च महिन्यात पुन्हा बंद पडल्या. ज्यांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांचे ट्रक दारात उभे राहून गंजले आणि हप्ते मात्र चालूच राहिले. शेती तर आधीच खाणीच्या मातीने भरलेली. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटनही झाले, आणि ज्यांच्या काजूच्या बागा व चरण्याच्या जागा गेल्या त्यांच्या हाती आले ते पैसे फार दिवस पुरले नाहीत. वानर आणि रानडुकरे तर सगळ्यांच्याच वाट्याला आलेली आहेत. अशा काळात माणसाचे मन मोडले तर त्यात लाज कसली? भाताच्या रोपाला करपा पडला म्हणून कोणी रोपाला दोष देत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१७ साली संसदेने मानसिक आरोग्यसेवा कायदा केला आणि तो २९ मे २०१८ पासून देशभर लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमात एक लहानसे वाक्य आहे. त्याचा अर्थ असा, की शरीराच्या आजारावरील उपचारांसाठी विमा ज्या पायावर दिला जातो, त्याच पायावर तो मनाच्या आजारावरील उपचारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीने दिला पाहिजे. त्यापूर्वी जवळजवळ सर्वच पॉलिसींत मानसिक आजार हा 'वगळलेल्या' आजारांच्या यादीत छापलेला असे. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, कंपन्यांना ह्या कलमाचे पालन करण्यास कळविले. पुढच्या वर्षी मानसिक आजाराला वगळणारे कलम पॉलिसीत घालता येणार नाही असेही ठरविले.

कायदा झाला म्हणजे कंपन्या लगेच वळल्या असे मात्र झाले नाही. दिल्लीत एका पॉलिसीधारक स्त्रीला २०२० साली गंभीर मानसिक आजारासाठी इस्पितळात राहावे लागले. नॅशनल इन्शुरन्स ह्या सरकारी कंपनीने जुन्या वगळणीच्या कलमावर बोट ठेवून तिचा दावा फेटाळला. ती उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले, की कायदा लागू झाला त्या दिवसापासूनच कंपन्या बांधलेल्या आहेत, दावा नाकारता येणार नाही. कायद्याची अंमलबजावणी होते की नाही ह्यावर लक्ष ठेवणे हे नियामकाचे काम आहे, हेही न्यायालयाने त्यास बजावले. एवढे होऊनही ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा परिपत्रक काढावे लागले, की त्या महिनाअखेरपर्यंत सर्व पॉलिसींत मानसिक आजार समाविष्ट झालाच पाहिजे. २०१८ चा कायदा आणि २०२२ ची ताकीद! ज्या कंपन्या हप्ता एका महिन्याने चुकला तर पॉलिसी बंद करतात, त्यांना स्वतःला चार वर्षांची सवलत कोणी दिली, हे आम्हांला अजून कळलेले नाही.

म्हणून आमचे सांगणे असे आहे, की त्या रकान्यात खरे तेच लिहावे, आणि ते स्वतः लिहावे. एजंट म्हणेल, 'बाबा, हे लिहू नका, पॉलिसी मिळणार नाही.' त्याचे ऐकू नये. त्याचे काम पॉलिसी विकली की संपते. चार वर्षांनी दावा येईल तेव्हा कंपनी इस्पितळाचे जुने कागद मागवील, त्यात पूर्वीच्या गोळ्यांची नोंद सापडेल, आणि माहिती लपविली म्हणून सगळी पॉलिसीच रद्द करील. मग मनाच्या आजाराचेच नव्हे, तर मोडलेल्या पायाचे पैसेही मिळणार नाहीत. उलट खरे सांगितलेल्या माणसाच्या बाजूला न्यायालय उभे राहते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात ठरविले, की ग्राहकाने आजार सांगितला असताना कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर पुढे त्याच आजाराचे निमित्त करून तिला हात झटकता येत नाहीत. तो मधुमेहाचा खटला होता, पण तत्त्व मनाच्या आजारालाही तेच.

खरे लिहिल्याने थोडी किंमत द्यावी लागते, हेही लपविण्यात अर्थ नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी काही काळ थांबायला लावू शकते. एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पूर्वी तो चार वर्षांचा होता. आणि पॉलिसी सलग पाच वर्षे चालली, की त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'तुम्ही अमुक सांगितले नव्हते' असे म्हणून दावा फेटाळता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. मात्र सगळी मदार त्या 'सलग' शब्दावर आहे. हप्त्याची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर शेतकऱ्याच्या घरी तेव्हा पैसा नसतो, लावणीत सगळा मातीत गेलेला असतो. पॉलिसी प्रथम घेतानाच ती काजूच्या मोसमानंतर लगेच घ्यावी, म्हणजे दरवर्षीची तारीख हातात पैसा असताना येईल. वार्षिक हप्त्यासाठी तारखेनंतर तीस दिवसांची सवड असते, मासिक हप्त्यासाठी पंधरा दिवसांची. नवी पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवस ती वाचून पाहावी आणि पसंत नसल्यास परत करावी, हाही आपला हक्क आहे. आणखी एक बाब पावतीवर पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी उठविला आहे.

आता आम्ही अशा गोष्टीकडे येतो, जिच्याविषयी बोलणे आपल्याकडे थोडे अवघड जाते.

मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजार म्हणजे काय, ह्याची व्याख्या दिली आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी निगडित असलेल्या मनाच्या अवस्थाही त्या व्याख्येत आहेत. शब्द स्वच्छ आहेत. परंतु आपल्या घरच्या पेटीतून विम्याची पॉलिसी काढून वगळणीची यादी वाचून पाहावी. तेथे दारू, अमली पदार्थ किंवा कोणतेही व्यसन ह्यांवरील उपचार, आणि त्यांचे परिणाम, वगळले आहेत असे आढळेल. हे कलम नियामकाने स्वतः ठरवून दिलेल्या नमुन्यातलेच आहे, कोणा एका कंपनीचा तो खोडसाळपणा नाही. म्हणजे संसद म्हणते हा आजार आहे, शरीराच्या आजारासारखाच त्याचा विमा द्या. आणि विम्याचा कागद म्हणतो, हा एवढा आजार सोडून बाकीचे देतो.

गोव्यात ह्या विसंगतीचा भार कोणावर पडतो हे सांगायला नको. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आम्हांलाही आहे. काजूच्या भट्टीवर कित्येक घरांची वर्षाची मिळकत अवलंबून असते. पण ज्या घरात ती रोज सकाळी ग्लासात ओतली जाते, त्या घरच्या बाईला मानांकनाचा काय उपयोग? तिचा नवरा आधी निराश झाला आणि मग पिऊ लागला, की आधी पिऊ लागला आणि मग निराश झाला, हे कोणता डॉक्टर ठामपणे सांगेल? विमा कंपनी मात्र सांगते. कागदावर 'दारू' हा शब्द दिसला, की निराशेचा दावाही त्याच पाटीत टाकून ती मोकळी होते. नकाराचे असे एक पत्र एका बाईंनी आम्हांला आणून दाखविले. चार ओळींचे पत्र होते आणि त्यात कोणत्या डॉक्टरने काय लिहिले ह्याचा उल्लेखही नव्हता.

आपल्यातले काही जण म्हणतील, ज्याने स्वतःच्या हाताने ग्लास उचलला त्याचा खर्च इतरांच्या हप्त्यांतून का भरावा? हा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. पण मग चाळीस वर्षे विड्या ओढणाऱ्याच्या छातीचा खर्च कंपनी का देते? तांबडे मटण सोडत नाही त्याच्या हृदयावरची शस्त्रक्रिया का होते? तेथे कोणी हात कोणाचा असे विचारत नाही. वांद्र्याच्या चर्चच्या आवारात फादर जो परेरा ह्यांनी १९८१ साली कृपा फाऊंडेशन सुरू केले, ते व्यसन हा आजार आहे असे मानूनच. धर्मगुरूंना जे तेव्हा कळले ते विमा नियामकाला अजून का कळू नये? संसदेच्या कायद्याविरुद्ध जाणारे हे कलम काढून टाकले पाहिजे, निदान दारूबरोबर मानसिक आजार असेल तेथे त्याची आडकाठी होता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत ज्यांचा दावा ह्या कलमाखाली नाकारला जाईल त्यांनी गप्प न बसता तक्रार करावी. तक्रारी आल्यावाचून नियम बदलत नाहीत.

विम्याची दुसरी मर्यादा ह्याहून मोठी आहे, आणि तिच्याविषयी एजंट कधीच बोलत नाही. आरोग्यविमा हा मुख्यतः खाटेचा विमा आहे. इस्पितळात भरती झाले तर पैसे, नाहीतर नाही. मनाचे बहुतेक आजार खाटेवर बरे होतच नाहीत. ते बरे होतात महिनोन्‌महिने वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी, डॉक्टरांशी पुनःपुन्हा बोलण्याने आणि घरच्यांच्या धीराने. त्याचा खर्च म्हणजे बसचे भाडे आणि बुडालेली मजुरी. कासारवर्ण्याहून बांबोळीला जायचे म्हणजे म्हापशाला बस बदला, पणजीला बस बदला, रांगेत बसा आणि संध्याकाळी परत या. रुग्णाचा दिवस गेला आणि सोबत आलेल्याचाही. ह्या खर्चाची भरपाई करणारी पॉलिसी आमच्या पाहण्यात नाही. बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे देणाऱ्या काही पॉलिसी निघाल्या आहेत, पण त्यांचा हप्ता शेतकऱ्याला झेपणारा नसतो.

म्हणूनच सरकारी सेवेला विमा हा पर्याय आहे, असे जे अलीकडे बोलले जाते ते आम्हांला पटत नाही. बांबोळीची मनोविकार संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात, ही आपली मोठी मिळकत आहे. पूर्वी पणजीच्या आल्तिनोवर असताना तिला आबे फारिया ह्यांचे नाव होते. कांदोळीत जन्मलेला हा धर्मगुरू मनाच्या शक्तीविषयी पॅरिसमध्ये व्याख्याने देत होता, आणि पणजीत सचिवालयाजवळ त्याचा पुतळा आपण येता-जाता पाहतो. त्याच्या गोव्यात मनाच्या आजाराची लाज वाटावी, हे थोडे विचित्रच.

कायद्याच्या १८ व्या कलमात ह्या सरकारी सेवेविषयीचे हक्क लिहिले आहेत, आणि ते विम्याच्या कलमापेक्षा आपल्या जास्त उपयोगाचे आहेत. रुग्णाला दूरचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या घराजवळ मिळावी, असे त्यात म्हटले आहे. अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्र आणि त्यावरील सरकारी इस्पितळांत कायम व फुकट मिळाली पाहिजेत. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल, तर रुग्णाने जिल्ह्यातील इतर ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसला पाहिजे. गावाजवळ सेवा देणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ते शक्य आहे हे गोव्यातच दिसून आले आहे. १९९६ साली सुरू झालेल्या संगाथ ह्या संस्थेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतच साध्या, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून निराशा आणि दारू ह्या दोन्हींवर समुपदेशनाचे प्रयोग केले. त्यांचे चांगले परिणाम २०१७ साली 'लॅन्सेट' ह्या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जगभरचे डॉक्टर ते वाचतात. आपल्या पंचायतींनी ते वाचले आहे काय?

गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली, तिचे कार्ड आपल्यापैकी अनेकांकडे आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत उपचार, असे तेव्हा ठरले. उत्पन्नाची अट नाही, पाच वर्षांच्या रहिवासाची आहे. योजना चांगली आहे, कोणी कार्ड काढले नसेल तर काढावे व मुदत संपू देऊ नये. परंतु ती ठराविक उपचारांच्या यादीवर चालते, आणि यादीवरचा भर शस्त्रक्रियांवर व भरतीवर आहे. घरातील कोणाला मनाच्या आजारासाठी भरती करण्याची वेळ आली, तर तो उपचार यादीत आहे की नाही आणि कोणत्या इस्पितळात आहे, हे आधीच आरोग्य केंद्रात लेखी विचारून घ्यावे. सत्तरी ओलांडलेल्यांना (तालुका नव्हे, वय!) ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कार्ड मिळते, तेही आजीआजोबांसाठी काढून ठेवावे.

दावा नाकारला गेला तर काय करावे? पहिली गोष्ट, नकार तोंडी घेऊ नये. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागावे. २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या दावा-पुनर्विचार समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही, तेव्हा एजंटने किंवा इस्पितळाच्या खिडकीवरच्या मुलाने 'होणार नाही' म्हटले, तर तो नकारच नव्हे. रोख न भरता उपचार घ्यायचे असतील तर कंपनीने एका तासात उत्तर दिले पाहिजे आणि घरी सोडतेवेळी तीन तासांत मंजुरी दिली पाहिजे. त्यापुढे उशीर झाल्यामुळे इस्पितळाने जास्त आकारणी केली, तर ती कंपनीने भरायची आहे.

लेखी नकार आला, की प्रथम कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. नियामकाकडे १५५२५५ ह्या फुकट क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. गोवा पुण्याच्या लोकपालांच्या कक्षेत येतो, पण त्यासाठी पुण्याला धावावे लागत नाही, तक्रार टपालाने पाठविता येते. वकील लागत नाही, फी नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र एका वर्षाच्या आत गेले पाहिजे. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पेडणे-डिचोलीकरांसाठी तो आयोग पर्वरीला आहे. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. दोन्ही दारे एकाच वेळी मात्र ठोठावता येत नाहीत. प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही. सर्वांना फुकट सेवा देणाऱ्या सरकारी इस्पितळाविरुद्ध ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले आहे. तेथे मानसिक आरोग्यसेवा कायद्याचाच आधार घ्यावा.

ज्यांना लोक काय म्हणतील ह्याची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी एक गोष्ट: रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे त्याच कायद्याने उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक केले आहे. आणि कोणाशी समोरासमोर बोलणे जड जात असेल, तर १४४१६ हा टेली-मानस सेवेचा क्रमांक कोणत्याही वेळी फुकट लागतो. मराठीतही बोलता येते.

पुढच्या ग्रामसभेत रस्ता, गटार आणि पाण्याचे विषय झाले, की आपल्यापैकी कोणीतरी उठून दोन प्रश्न विचारावेत. आपल्या आरोग्य केंद्रात मनोविकाराचे डॉक्टर महिन्यातून किती दिवस येतात? आणि त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्या तेथे आज शिल्लक आहेत काय? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.